नेता, कुंपण आणि वाट : मेरुरज्जूतील चेतापेशींच्या स्थलांतरविषयक परिभाषेची चिकित्सा

प्रास्ताविक

१९९४ साली 'सेल' या नियतकालिकात कोंबडीच्या भ्रूणांच्या मेंदूतून वेगळ्या काढलेल्या दोन प्रथिनांचे वर्णन प्रसिद्ध झाले. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्क टेसिए-लाविन्य यांच्या प्रयोगशाळेने सुमारे पंचवीस हजार भ्रूणांचे मेंदू वापरून ही प्रथिने हाती लावली होती. त्यांना नाव देताना संशोधकांनी संस्कृत 'नेतृ' हा शब्द निवडला आणि त्यावरून 'नेट्रिन' हे नाव सिद्ध झाले. जीवशास्त्राच्या परिभाषेवर ग्रीक व लॅटिन या भाषांचे अधिराज्य असताना संस्कृतला मिळालेला हा मान भारतीय वर्गांत कौतुकाने सांगितला जातो, आणि तो सांगण्यात काही गैर नाही. मात्र या नावाबरोबर एक सिद्धान्तही वर्गात शिरतो, आणि त्याची तपासणी होत नाही.

'नी' या धातूला 'तृच्' प्रत्यय लागून 'नेतृ' होतो. मराठीतील 'नेणे' हे क्रियापदही त्याच कुळातले. संस्कृत नाट्यविचारात 'नेता' म्हणजे कथानकाला फलापर्यंत नेणारा नायक होय. धनंजयाच्या 'दशरूपका'त वस्तू आणि रस यांच्या जोडीला नाट्याचे भेदक तत्त्व म्हणून 'नेता' येतो. म्हणजे या शब्दात दोन गृहीतके आधीपासून दडलेली आहेत. एक, प्रवासाला ठरलेले फल आहे. दोन, त्या फलाकडे घेऊन जाणारी एक मुख्य शक्ती आहे. भ्रूणाच्या मेरुरज्जूत चेतापेशी आपापल्या जागी कशा पोहोचतात, हे सांगताना ही दोन्ही गृहीतके कितपत टिकतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गेल्या पंचवीस वर्षांतील प्रयोगांचे साक्ष्य पाहता ती अर्धीच टिकतात, असे म्हणावे लागते. उरलेला अर्धा भाग थांबण्याचा, अडण्याचा आणि पायाखालच्या पृष्ठभागाचा आहे, आणि नेमका तोच पाठ्यपुस्तकी कथनातून गळतो.

काचपट्टीतील वर्तुळ

प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गाला ३३ तासांच्या कोंबडीच्या भ्रूणाची काचपट्टी अपरिचित नाही. आडव्या छेदात वर चेतानलिकेचे वर्तुळ आणि त्याखाली पृष्ठरज्जूचा ठिपका दिसतो. विद्यार्थी आकृती काढतो, नावे देतो, गुण मिळवतो. या वर्तुळाच्या भिंतीत पुढे जे घडणार असते ते मात्र काचपट्टी दाखवू शकत नाही. पृष्ठरज्जू 'सोनिक हेजहॉग' हे प्रथिन स्रवतो. त्याच्या प्रभावाने नलिकेच्या तळाशी 'तळपट्टी' तयार होते व तीही तेच प्रथिन स्रवू लागते. तळापासूनच्या अंतरानुसार या प्रथिनाची मात्रा कमी होत जाते, आणि कोणत्या पट्ट्यातून प्रेरक चेतापेशी जन्मतील व कोणत्या पट्ट्यातून मध्यस्थ चेतापेशी, हे बऱ्याच अंशी त्या मात्रेवर ठरते. पेशी जन्मतात मधल्या पोकळीलगत. मग त्या पोकळीपासून दूर सरकतात. कोणी पोटाकडील बाजूस स्थिरावते, कोणी पाठीकडे, कोणी आणखी वळण घेते. स्थलांतर ते हेच.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण वर्गातील बहुतेक गोंधळ त्याच्या अभावातून होतो. चेतापेशीचे शरीर सरकणे ही एक घटना, आणि तिचा अक्षतंतू लांब वाढत जाणे ही दुसरी. परसातल्या भोपळ्याचा वेल मांडवावर चढतो तेव्हा त्याचे मूळ जागीच असते. वेल 'गेला' असे आपण म्हणतो, पण झाड स्थलांतरित झालेले नसते. मेरुरज्जूच्या पाठीकडील भागातील ज्या चेतापेशींवर नेट्रिनचा सिद्धान्त उभा राहिला, त्यांच्या बाबतीत मुख्यतः अक्षतंतूच तळपट्टीकडे वाढत जातात व मध्यरेषा ओलांडतात. त्या प्रयोगांचे निष्कर्ष 'चेतापेशींचे स्थलांतर' या मथळ्याखाली सरसकट सांगितले जातात, तेव्हा वेल आणि झाड यांची गल्लत होते.

नेत्याची कारकीर्द

सिद्धान्त जुना आहे. सान्तियागो रामोन ई काहाल यांनी १८९० साली कोंबडीच्या भ्रूणाच्या मेरुरज्जूत वाढत्या अक्षतंतूच्या टोकाशी असलेला वृद्धिशंकू वर्णिला आणि पुढे दोनेक वर्षांत, हा शंकू रासायनिक आकर्षणाने ओढला जात असावा, असे अनुमान मांडले. या अनुमानाला प्रायोगिक आधार मिळण्यास जवळजवळ शतक लागले. १९८८ मध्ये टेसिए-लाविन्य, टॉमस जेसेल आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या जातीच्या भ्रूणांतील मेरुरज्जूचा तुकडा आणि तळपट्टीचा तुकडा कोलॅजेनच्या जेलीत थोड्या अंतरावर ठेवले. अक्षतंतू वळून तळपट्टीकडे वाढले. स्पर्श नव्हता, तरीही दिशा मिळाली. मग १९९४ मध्ये प्रथिन मिळाले, आणि १९९६ मध्ये नेट्रिन-१ चा तुटवडा असलेल्या उंदरांत हे अक्षतंतू मध्यरेषेपर्यंत नीट पोहोचत नाहीत, असे दिसून आले. साखळी पूर्ण झाली. तळपट्टी हा दीपस्तंभ, नेट्रिन हा त्याचा प्रकाश आणि अक्षतंतू ही त्या प्रकाशाकडे येणारी होडी, असे चित्र दोन दशके जगभरच्या वर्गांत रेखाटले गेले.

या साखळीतील दुबळी कडी कोणती, हे पाहण्यासारखे आहे. जेलीतील प्रयोगाने एवढेच सिद्ध झाले होते की तळपट्टीतील द्रव्य अक्षतंतूला दुरून वळवू शकते. १९९६ च्या प्रयोगाने एवढेच सिद्ध झाले की नेट्रिनशिवाय भ्रूणातील मांडणी बिघडते. परंतु भ्रूणात जे नेट्रिन आवश्यक असते ते तळपट्टीतलेच असते, हे कोणत्याच प्रयोगाने दाखवले नव्हते. ते गृहीत धरले गेले होते. 'करू शकतो' आणि 'करतो' यांतील अंतर न्यायशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही ओळखतो. येथे मात्र ते वीस वर्षे झाकले गेले, आणि त्या झाकण्यात नावाचाही वाटा असावा. एकदा प्रथिनाला नेता म्हटले की त्याचे आसन कोठे आहे हा प्रश्न उरत नाही.

२०१७ साली तो प्रश्न विचारला गेला. पॅरिसमधील अलें शेडोताल यांच्या गटाने 'नेचर'मध्ये आणि लॉस एंजेलिस येथील समांथा बटलर यांच्या गटाने 'न्यूरॉन'मध्ये स्वतंत्रपणे उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत नेट्रिनचे जनुक संपूर्ण शरीरात निकामी न करता निवडक ठिकाणीच निकामी करण्यात आले. तळपट्टीतील नेट्रिन काढून टाकले तरी मध्यरेषा ओलांडणारे अक्षतंतू बव्हंशी आपल्या मार्गाने जात राहिले. याउलट, मधल्या पोकळीलगतच्या थरातील पेशी जे नेट्रिन तयार करतात ते काढले असता मार्ग बिघडला. या पेशींचे लांब प्रवर्ध नलिकेच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचतात आणि तेथे नेट्रिन साचते. अक्षतंतू त्या साचलेल्या थराला धरून वाढतात. म्हणजे नेट्रिनचे मुख्य काम दुरून बोलावण्यापेक्षा पायाखाली पकड देण्याचे असावे, असा पॅरिसच्या गटाचा निष्कर्ष होता. दीपस्तंभाच्या जागी पायवाट आली.

वाद तेथे मिटला नाही. २०१९ मध्ये 'न्यूरॉन'मध्येच दोन निबंध आले. त्यांपैकी एक टेसिए-लाविन्य यांच्या गटाचा होता, तर दुसरा शेडोताल यांच्याच गटाचा. तळपट्टीतील नेट्रिनही मेरुरज्जूत काही काम करते, ते सोनिक हेजहॉगच्या व पोकळीलगतच्या नेट्रिनच्या जोडीने करते, असे या निबंधांतून पुढे आले. तेव्हा दूरचे आकर्षण खोटे ठरले असे म्हणणे हा दुसरा अतिरेक होईल. नेता पदच्युत झाला नाही. त्याची सत्ता विभागली गेली, इतकेच. ज्या गटाने जुन्या प्रतिमेला धक्का दिला त्यानेच दोन वर्षांत स्वतःच्या निष्कर्षाला मुरड घातली, ही गोष्ट विद्यार्थ्यांना नेट्रिनच्या व्युत्पत्तीपेक्षा अधिक आवर्जून सांगण्यासारखी आहे.

याच संदर्भात आणखी एक नोंद आवश्यक आहे. मध्यरेषा ओलांडल्यानंतर 'स्लिट' हे प्रतिकर्षक प्रथिन नेट्रिनचे आकर्षण बंद पाडते, असा एक सुबक खुलासा २००१ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला होता. दिव्याचे बटण दाबावे इतका तो सोपा असल्यामुळे अध्यापनात लोकप्रिय झाला. हा निबंध, त्याच वर्षीच्या नेट्रिनविषयक दुसऱ्या एका निबंधासह, २०२३ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. ज्या टिपणांत हा खुलासा अद्याप आहे ती टिपणे दुरुस्त करणे हे अध्यापकाचे साधे कर्तव्य होय.

थांबणे हेही काम

आता अक्षतंतू बाजूला ठेवून पेशींच्या शरीरांकडे वळता येईल. प्रेरक चेतापेशी, म्हणजे ज्यांचे अक्षतंतू मेरुरज्जूबाहेर पडून स्नायूंपर्यंत जातात त्या, तळपट्टीच्या दोन्ही बाजूंना पुंजक्यांनी बसलेल्या असतात. पाठ्यपुस्तकात त्या जन्मतात आणि बसतात, एवढेच सांगितले जाते. त्यांच्या स्थैर्याला कारण लागते असे कोणाला वाटलेच नाही. नेवाडा विद्यापीठातील ग्रँट मास्टिक यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंदराच्या भ्रूणातून स्लिट प्रथिने, किंवा ती ओळखणारे 'रोबो' हे ग्राही, काढून टाकले. प्रेरक चेतापेशी जन्मल्या नेहमीच्याच पट्ट्यात. पण तेथे न थांबता आडव्या सरकत तळपट्टीत घुसल्या. तेथून त्यांचे अक्षतंतू बाहेर पडण्याच्या नेहमीच्या जागांपर्यंत पोहोचेनात. ते तळपट्टीतच उभ्या दिशेने वाढत राहिले. दुसऱ्या बाजूने नेट्रिन किंवा त्याचा 'डीसीसी' हा ग्राही काढला, तर त्याच पेशी उलट पाठीच्या दिशेने वर सरकलेल्या आढळल्या.

या दोन निरीक्षणांचा एकत्रित अर्थ बराच खोल आहे. तळपट्टी एकाच वेळी नेट्रिनने ओढते आणि स्लिटने ढकलते. या ओढाताणीत जेथे तोल साधतो तेथे पेशी बसलेली दिसते. तिचे बसणे हे प्रवासाचा शेवट झाल्याचे चिन्ह नाही. ते दोन परस्परविरुद्ध बलांनी क्षणोक्षणी राखलेले स्थान आहे. रस्सीखेच बरोबरीत असते तेव्हा दोरी हलत नाही, म्हणून कोणी जोर लावत नाही असे म्हणता येत नाही. 'नेता' या रूपकात अशा स्थितीला जागाच नाही. नाटकातला नेता थांबला की नाटक संपते.

प्रेरक चेतापेशींच्या शेजारीच आणखी एक गट जन्मतो. हृदय, रक्तवाहिन्या, घाम आदींवर नियंत्रण ठेवणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेच्या या पेशी होत. प्रारंभी त्या प्रेरक पेशींबरोबरच पोटाकडील बाजूस जातात. नंतर त्यांपासून फुटून वर सरकतात आणि मेरुरज्जूच्या कडेच्या मधल्या पट्ट्यात स्थिर होतात. पिट्सबर्ग येथील जोसेफ यिप आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की 'रीलर' नावाच्या उंदरांत या पेशींचा पहिला टप्पा ठीक होतो, परंतु नंतर त्या कडेला न थांबता पुन्हा आत, मधल्या पोकळीकडे परततात व तिच्याभोवती गोळा होतात. या उंदरांत 'रीलिन' हे प्रथिन नसते. एरवी ते या पेशी आणि पोकळी यांच्या मधल्या भागात आढळते. तेव्हा ते कुंपणाचे काम करीत असावे, असा अर्थ संशोधकांनी लावला.

रीलर उंदराची कथा मुळातून सांगण्यासारखी आहे. एडिंबरो येथे डग्लस फाल्कनर यांनी १९५१ साली चालताना झोकांड्या खाणाऱ्या उंदरांचे वर्णन 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'मध्ये प्रसिद्ध केले. हेच नियतकालिक जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले तेव्हा त्यांच्याबरोबर भारतात आले आणि पुढे भारतीय विज्ञान अकादमीकडून प्रकाशित होऊ लागले. आपल्या ग्रंथालयांत त्याचे जुने अंक धूळ खात असतील तर ते काढून पाहण्यास हरकत नाही. झोकांड्यांचे मूळ अनुमस्तिष्कातील पेशींच्या बिघडलेल्या रचनेत होते. मेरुरज्जूतील दोष पुष्कळ उशिरा ध्यानात आला. कारणीभूत जनुक सापडायला १९९५ उजाडले, आणि त्याच्या प्रथिनाला नाव मिळाले ते झोकांड्यांवरूनच.

येथे नामकरणाच्या दोन पद्धती समोरासमोर येतात. नेट्रिनला त्याच्या कल्पिलेल्या कर्तृत्वावरून नाव मिळाले. रीलिनला त्याच्या अभावी काय होते यावरून. स्लिट आणि रोबो ही नावेही फळमाशीतील बिघाडांवरूनच आली आहेत. दुसरी पद्धत ओबडधोबड वाटते, कधी हास्यास्पदही. पण ती अधिक प्रामाणिक आहे. हे नसेल तर अमुक बिघडते, एवढेच ती सांगते. ते असताना काय करते, हा प्रश्न मोकळा ठेवते. आणि रीलिनच्या बाबतीत तो मोकळा राहिला हे बरेच झाले. कारण कुंपणाचे रूपकही फार ताणता येत नाही. २००२ मध्ये रीलर उंदरांत रीलिन मुद्दाम चुकीच्या जागी, पोकळीलगतच्या थरात, निर्माण करविले गेले, तरी त्यांच्या झोकांड्या थांबल्या आणि मेंदूच्या बाह्यकाच्या रचनेतील आरंभीचा एक दोषही सुधारला. चुकीच्या जागी घातलेले कुंपण शेताचे रक्षण करते असे कोणी पाहिलेले नाही. रीलिनचे कार्य निव्वळ जागेवर अवलंबून नाही. पेशीच्या आत ते जे बदल घडवते त्यांनाही महत्त्व आहे.

मुंबईतील एक साक्ष

पेशीच्या आतल्या घडणीचा हा मुद्दा स्पष्ट करणारे एक महत्त्वाचे संशोधन मुंबईत झाले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने देशीविदेशी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये उंदराच्या भ्रूणातील पेशींच्या एका अज्ञात प्रवाहाचे वर्णन केले. विषय मेरुरज्जूचा नसून अग्रमस्तिष्काचा आहे, तरी प्रस्तुत चर्चेशी त्याचा थेट संबंध येतो, कारण दुवा पुन्हा रीलिनचाच आहे. गर्भाशयातील भ्रूणांच्या मेंदूत सूक्ष्म विद्युत्स्पंदांच्या साहाय्याने चकाकणाऱ्या प्रथिनाचे जनुक घालून या संशोधकांनी पेशींचा माग काढला. अग्रमस्तिष्काच्या मागच्या टोकाशी जन्मणाऱ्या काही पेशी प्रवाहाने निघून, भीतीसारख्या भावनांशी निगडित असलेल्या 'अमिग्डाला' या भागातील विशिष्ट केंद्रके घडवतात, असे त्यांना आढळले. ज्या प्रदेशातून या पेशी निघतात तो बाह्यकाला जन्म देणाऱ्या प्रदेशाला लागून असलेला, किंबहुना त्याचाच भाग समजला जाणारा होता.

या पेशींच्या प्रवासाला रीलिन लागते, तसेच पेशीच्या आत कार्य करणारे 'सीडीके-५' हे विकरही लागते. बाह्यकाच्या पेशींनाही हीच दोन लागतात. त्यांची ओळख ठरवणारी जनुकेही समान आढळली. म्हणजे ज्यांचे मूळ एक, त्यांची संकेत वाचण्याची रीतही एक, मग त्यांचे मुक्काम कितीही वेगळे असोत. संकेताचा अर्थ संकेतात नसतो. तो वाचणाऱ्या पेशीच्या पूर्वेतिहासात असतो, असे या अभ्यासावरून म्हणता येते. नेट्रिनच्या बाबतीत याची साक्ष १९९५ मध्येच मिळाली होती: जे नेट्रिन मेरुरज्जूतील अक्षतंतूंना ओढते तेच डोळ्याच्या एका स्नायूकडे जाणाऱ्या चेतेच्या अक्षतंतूंना दूर लोटते. एकाला जवळ करणारा आणि दुसऱ्याला हाकलणारा नेता मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नसेल. पण शास्त्रीय संज्ञा म्हणून तो शब्द येथे निकामी होतो.

पाठ्यपुस्तकांत जगभरच्या प्रयोगशाळांची नावे येतात; कुलाब्याचे येत नाही. ही तक्रार प्रादेशिक अभिमानापोटी केलेली नाही. या अभ्यासात संकेत आणि पेशीची ओळख हे दोन्ही धागे एकाच ठिकाणी हाती लागतात, म्हणून अध्यापनाला तो सोयीचा आहे.

रेडीचा विद्यार्थी

मराठी परिभाषेचा प्रश्न येथेच उभा राहतो. रेडी, शिरोडा, आरोंदा या पट्ट्यातून वेंगुर्ले किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बहुधा मराठीतून विज्ञान शिकून आलेला असतो. पदवीला पुस्तक इंग्रजी असते, वर्गातले स्पष्टीकरण मिश्र भाषेत होते, आणि आकलन शेवटी मराठीतच होते. त्याच्या कानाला 'स्थलांतर' हा शब्द चाकरमान्याचा आहे. घरातले कोणी मुंबईला गेले, कोणी गोव्यात. ठरवून गेले, पत्ता घेऊन गेले, चतुर्थीला परत येणार. 'मार्गदर्शक रेणू' हा शब्द त्यात मिळाला की चित्र पूर्ण होते: पेशी नावाचा कोणी निघाला आहे, त्याला मुक्काम ठाऊक आहे, आणि वाटाड्या सोबत आहे. असे उत्तर परीक्षेत चालून जाते. म्हणूनच ते धोक्याचे आहे.

रेडीच्याच परिसरातील उपमा हवी असेल तर ती तेरेखोलच्या खाडीमुखाची घ्यावी. होडी आत आणणारा तांडेल दूरची खूण पाहतो, हे खरे; पण भरतीचे पाणी किती, लाट कोठे फुटते आहे, वाळूचा दांडा कोठे सरकला आहे, हेही तो त्याच वेळी पाहतो. खाडीचा तळच होडीची वाट ठरवीत असतो. अर्थात तांडेलाला बुद्धी आहे, पेशीला नाही, म्हणून ही उपमाही एका मर्यादेपलीकडे सोडून द्यावी लागते. पेशीकडे असतात ते ग्राही, आणि त्या ग्राहींमुळे आतल्या सांगाड्यात होणारे बदल; एका बाजूला सांगाडा वाढतो, दुसऱ्या बाजूला आखडतो, आणि या वाढण्या-आखडण्यालाच आपण बाहेरून प्रवास म्हणतो.

रूपकाच्या या काटेकोरपणाची किंमत वर्गाबाहेरही मोजावी लागते. माडावरून पडून कण्याला इजा होणे ही कोकणात दुर्मीळ गोष्ट नाही. अशा रुग्णाचे कुटुंब उपचारांच्या शोधात असताना मूळपेशींच्या उपचाराची जाहिरात त्याच्यापर्यंत पोहोचते, आणि अशा जाहिरातींचा युक्तिवाद बहुधा एकच असतो: पेशी टोचल्या की त्या आपोआप इजेच्या जागी जातात आणि दुरुस्ती करतात. हा युक्तिवाद पटतो, कारण 'पेशीला वाट ठाऊक असते' हे शाळा-महाविद्यालयांनीच शिकवलेले असते. वास्तविक भ्रूणात ज्या तळपट्टीने, ज्या पोकळीलगतच्या थराने आणि ज्या मात्राभेदांनी पेशींना जागा दिली, ती मांडणी प्रौढ, जखमी मेरुरज्जूत जशीच्या तशी उरलेली नसते. उलट जखमेभोवती वाढीला अडथळा करणारी द्रव्ये जमतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी काही मान्य रक्तविकारांसारखे अपवाद सोडता, मंजूर चाचणीबाहेर मूळपेशींचा उपचार म्हणून वापर अमान्य ठरवला आहे. ही तत्त्वे प्राणिशास्त्राच्या वर्गात वाचली जावीत, कारण त्यांचे शास्त्रीय कारण याच प्रकरणात आहे.

पर्यायी शब्द सुचवायचे झाले तर 'मार्गदर्शक रेणू' ऐवजी 'स्थाननियामक रेणू' हा शब्द अधिक अचूक ठरेल. त्यात ओढणे, ढकलणे, अडवणे आणि पकड देणे या चारही क्रिया सामावतात व कोणा एकाला नायकत्व मिळत नाही. पेशीचे शरीर हलते तेव्हा 'स्थानांतर' आणि अक्षतंतू वाढतो तेव्हा 'प्रसर' असे दोन वेगळे शब्द वापरल्यास वेल आणि झाड यांची गल्लतही टळेल. 'नेट्रिन' हे विशेषनाम आता बदलणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. मात्र त्याची व्युत्पत्ती सांगताना १९९४ बरोबर २०१७ आणि २०१९ ही सालेही सांगितली गेली पाहिजेत.

राहता राहिली आकृती. तळपट्टीकडून निघणारा एकच बाण आणि त्यावर 'नेट्रिन' हे अक्षर, अशी आकृती अनेक टिपणांत छापलेली असते. त्या आकृतीत प्रेरक चेतापेशीचा पुंजका काढून त्याला दोन बाण जोडावे लागतील, एक तळपट्टीकडे येणारा आणि एक तिच्यापासून दूर जाणारा. पोकळीलगतच्या थरापासून बाहेरच्या कडेपर्यंत नेट्रिनची रेघ ओढावी लागेल. आणि अनुकंपी पेशींच्या आतल्या बाजूस रीलिनचा पट्टा दाखवून त्याशेजारी प्रश्नचिन्ह ठेवावे लागेल. फळ्यावर हे काढायला पाच मिनिटे अधिक लागतात.